बारा खाटा आणि मोंढ्यातला काटा

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे मी कुणावर ओरडताना दिसले तर नवल वाटायला नको. अहमदपूरच्या मोंढ्यामागे, म्हणजे धान्याच्या बाजारामागे, एका संस्थेचा छोटा वृद्धाश्रम होता, बारा खाटांचा, आणि मी तिथली अधीक्षिका होते. अधीक्षिका म्हणजे काय, तर नर्स मी, कारकून मी आणि टँकर आला की रांगेत घागरी लावणारीही मीच. नांदेडला नर्सिंगचा छोटा कोर्स केला होता. वडील शाळेत शिपाई. आमच्या घराण्यात पगारपत्रकावर सही करणारी पहिली बाई मी, त्यामुळे सही जरा जास्तच ठसठशीत करायचे.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. आधी आमचा जिल्हा उस्मानाबाद. तिकडचा साहेब इकडं यायचा तो सणासारखा, वर्षातून एकदा, आणि जेवून जायचा. आता लातूर दोन तासांवर आलं. साहेब नवे, जीप नवी, हुरूप नवा. त्यात पावसानं दोन वर्षं दडी मारलेली. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात ना, तसं त्याच उन्हाळ्यात जिल्ह्याहून आम्हाला निकष आले. सायक्लोस्टाईल केलेले चार कागद. दोन खाटांमध्ये दोन हात जागा हवी. पिण्याचं पाणी झाकलेलं आणि लांब दांड्याच्या ओगराळ्यानं काढलेलं हवं. वाळूच्या दोन लाल बादल्या दाराशी हव्यात. न्हाणीतली फरशी घसरडी नको. आता घसरायला आधी पाणी तर पाहिजे! पण मी हसले नाही. खरं सांगते, मला ते कागद आवडले. आजवर म्हाताऱ्यांना दोन भाकरी टाकल्या की झाली सेवा, असं सगळे मानायचे. म्हाताऱ्या माणसाचंही काही माप असतं, हे कुणीतरी पहिल्यांदा लिहून काढलं होतं.

शेवटच्या कागदावर वजनाचा नियम होता. प्रत्येकाचं वजन महिन्याला घ्यायचं, रजिस्टरमध्ये लिहायचं, आणि दोन महिन्यांत दोन किलोपेक्षा जास्त घटलं तर त्या माणसाला तपासणीसाठी जिल्ह्याच्या दवाखान्यात न्यायचं.

वजन करायचं कशावर? संस्थेचे अध्यक्ष मोंढ्यातले आडत दुकानदार. मोंढ्यात आवक नव्हती, दुकानातला पोती मोजायचा मोठा काटा धूळ खात पडला होता. तो त्यांनी हमालांकरवी आमच्या अंगणात आणून ठेवला. काट्यासोबत मापाडीही आला, कारण त्यालाही काम नव्हतं. साठीकडं झुकलेला, कानात भिकबाळी नाही पण कानामागं पेन्सिल कायम. उभं आयुष्य तूर न् करडी मोजण्यात गेलेलं. पहिल्या दिवशी पहिली आजी काट्यावर चढली तशी त्यानं दांडीवरचं वजन सरकवलं आणि सवयीनं ओरडला, "लाभ!" मोंढ्यात पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. सगळे म्हातारे खदाखदा हसले. मीही हसले.

पहिल्या तीन-चार महिन्यांत दोघांचं वजन घटलं. एक आजोबा, एक बाई. मी नियमाप्रमाणे दोघांना जिल्ह्याला नेलं. आजोबांचं काळीज मोठं झालं होतं, ते तिथंच गेले. बाईला तिच्या पुतण्यानं परस्पर गावी नेलं आणि ती पुढं काही दिवसांत वारली. दवाखान्याची चूक नव्हती, माझीही नव्हती. रिकाम्या खाटांवर आठवड्याभरात दोन नवी माणसं आली. दुष्काळात घरंच्या घरं कामाला बाहेर निघून जात होती, मागं राहिलेल्या म्हाताऱ्यांची आमच्याकडं रीघ होती. मला वाटलं, सगळं कसं निकषाप्रमाणे चाललंय.

पुढचे सहा-सात महिने आमच्याकडं एकाचंही वजन घटलं नाही. साहेब तपासणीला आले. चष्मेवाले, तरुण, मला मॅडम म्हणणारे. रजिस्टर उघडून म्हणाले, "मॅडम, ऐन दुष्काळात तुमच्याकडं वजन टिकून आहे. हे कसं काय जमवलंत?" मी मान जरा तिरकी करून म्हणाले, "साहेब, लक्ष असलं की जमतं." आता आठवलं की स्वतःच्याच एक मुस्काटात द्यावीशी वाटते.

त्याच काळात स्वयंपाकघरातली मापं गायब झाली. डाळ माणशी तोलून घ्यायची असाही एक निकष होता. त्यासाठी आणलेल्या तराजूची दोन किलोची, एक किलोची आणि अर्ध्या किलोची, अशी तिन्ही लोखंडी मापं एकेक करून नाहीशी झाली. वर वरवंटाही गेला. मी स्वयंपाकीणबाईला धारेवर धरलं. "भंगारवाल्याला घातलीस का? वरवंटा कुणी खातं का गं?" ती उदगीरकडची, तोंडाची माझ्याहून फटकळ. "बाई, म्या चोरी करीन तर तेलाची करीन, दगडाची कामून करीन?" म्हणाली आणि चार दिवस माझ्याशी बोलली नाही. पाट्यावरची चटणीही बंद झाली.

आता एका आजीकडं येते. अहमदपूर तालुक्यातल्याच एका खेड्यातली, चांगल्या शेतकरी घरातली. मूलबाळ नाही. नवरा गेल्यावर, काटा यायच्या आधीच, भावकीनं तिला आमच्या दाराशी आणून सोडलं. नऊवारी लुगडं, कमरेला सुपारीची चंची आणि जिभेला धार. आली तेव्हा माझ्या हातचं पाणी घ्यायला आठवडाभर का-कू करत होती. मी म्हणाले, "आजी, टँकरचं पाणी आहे, त्याला जात नाही. प्यायचं तर प्या." प्याली. पुढं मग माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाकडून गोळीसुद्धा घेईना. मला शिष्टर म्हणायची, लाडात आली की पोरी.

तिला खोकला होता. मी विचारलं की म्हणायची, "धुळीचा हाय. समद्या तालुक्याला हाय." खरंच, त्या वर्षी सगळ्या तालुक्याला धूळ होती. तिचे गाल बसले होते, ते मला दिसत होते. पण रजिस्टरात तिचं वजन चाळीसच्या चाळीस. मी डोळ्यांपेक्षा रजिस्टरवर भरवसा ठेवला. नर्सनं करू नये ते मी केलं.

त्या महिन्यात वजनाच्या दुसऱ्याच दिवशी न्हाण्याचा वार आला. पाणी कमी, म्हणून आठवड्यातून दोनदाच अंघोळ. त्या दिवशी सकाळी आजी न्हाणीच्या उंबऱ्यातच मटकन खाली बसली. डोळे पांढरे. मी धावत गेले, बगलेत हात घालून उचलली. मी शेकडो माणसं उचलली आहेत. चाळीस किलोचं माणूस हाताला काय लागतं ते मला कळतं. ही तर लेकरासारखी वर आली.

काटा अंगणातच होता. मी तिला तशीच नेऊन त्यावर बसवली. साडेचौतीस. मला वाटलं काटा बिघडला. मी स्वतः चढून पाहिलं, बरोबर. स्वयंपाकीणबाईला हाक मारून चढवलं, तेही बरोबर. ती उतरता उतरता म्हणाली, "बाई, काटा कामून खोटं बोलंल?"

मी आजीला खाटेवर निजवलं, पाणी पाजलं, आणि कोरडं लुगडं काढायला तिच्या उशाचं गाठोडं उघडलं. त्यात एक जुनं धोतर लांब पट्ट्यासारखं शिवलेलं होतं, कप्पे कप्पे करून. कप्प्यांत आमची तिन्ही मापं. आणि वरवंटा. काखेत कळसा अन् गावाला वळसा! स्वयंपाकीण शेजारीच उभी होती. तिनं मापांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि तिच्या तोंडातून एवढंच निघालं, "अगं माय!" मी तिची तिथंच माफी मागितली. तिनं मानेनंच बरं म्हटलं.

आजी डोळे मिटून पडली होती पण जागी होती. मी ओरडले. आजारी माणसावर ओरडू नये, मला कळत होतं, तरी ओरडले. "हे पोटाला बांधून काट्यावर चढत होतात? जीव द्यायचाय का?"

"जीव द्यायचा न्हाई म्हनूनच बांधलं की," ती म्हणाली. "काट्यावर कमी भरलं की तू जिल्ह्याला धाडतीस. जिल्ह्याला गेलेलं मानूस वापस येत न्हाई. दोन गेले, दोन्ही आले न्हाईत. आन् तू आठ दिसांत त्यांच्या खाटावर दुसरी मानसं निजिवली."

निकषांचे चारही कागद मला तोंडपाठ होते. पण आमच्या बारा माणसांनी त्या कागदाचा अर्थ काय लावला, हे मी कधी विचारलंच नव्हतं. नियम त्यांना कुणी समजावूनच सांगितला नव्हता. त्यांनी पाहिलं ते एवढंच, की वजन घटलं, माणूस गेलं, खाट भरली.

राग कुणावर तरी काढायचा होता. मापाडी चहाला आला तसा मी त्याला धरलं. "तुम्हाला कळलं नाही? जन्मभर काट्यावर बसलात!"

त्यानं कप खाली ठेवला. "बाई, पोत्यात खडे हायत का कापूस भिजिवलाय, हे मला दुरून कळतं. आजी पायरी चढली तवाच कळलं. पर तिनं माझ्याकडं पायलं. पोतं आसं पाहत न्हाई." मग म्हणाला, "मला वाटलं, म्या तिला वाचिवलं."

आम्ही दोघांनीही तिला वाचवलंच होतं, आपापल्या परीनं.

आता तिला जिल्ह्याला न्यायलाच हवं होतं, आणि ती खाटेची दावण, पायथ्याची दोरी, धरून बसली. "म्या येत न्हाई. हितंच मरू दे." तिचा खोकला, संध्याकाळचा ताप, हे सगळं आता एका ओळीत दिसत होतं. छातीचा रोग असला तर तिच्याबरोबर बाकीचे अकराही धोक्यात. मी खाली जमिनीवर बसले. म्हणाले, "आजी, मी तुम्हाला परत आणीन."

"शपथ घे. माहूरच्या रेणुकाईची घे."

"मी बौद्ध आहे आजी. रेणुकाईची शपथ मी घेतली तरी खोटी."

"मंग तुज्या देवाची घे."

"आमच्यात देवाची शपथ नसते."

"आस्सं!" ती चिडली. "मंग तुज्यावर इस्वास ठिवायचा तरी कसा? काय तरी असंल की तुमच्यात."

"माझा शब्द आहे."

"शबूद वाऱ्यावर जातो." मग म्हणाली, "खाट ठिव. माझी गोधडी आशीच हातरून ठिव. म्या येईस्तोवर कुनाला बसू देऊ नको." मी म्हणाले, "ठेवते." तेव्हा कुठं तिनं दावण सोडली.

एस.टी.नं लातूरला नेलं. फोटो काढला, बेडका तपासला. टी.बी. निघाला. डॉक्टर म्हणाले, "दोन महिने इंजेक्शनं इथंच घ्यावी लागतील. अजून थोडा उशीर केला असता तर काही खरं नव्हतं." मी आजीला समजावलं. दोन महिने म्हणताच तिचा चेहरा उतरला. "मंग खाट ग्येली," म्हणाली.

परतले आणि बाकी अकरांची थुंकी तपासून घेतली. नशिबानं कुणाला काही निघालं नाही. त्यानंतर खाटेचं भांडण सुरू झालं. अध्यक्षांच्या गावचा एक म्हातारा दाराशी वाट बघत होता. ते म्हणाले, "बाई, माणूस उन्हात बसलंय आणि तुम्ही रिकाम्या खाटेला गोधडी पांघरताय?" त्यांचं खोटं नव्हतं, हेच तर दुखणं. मी म्हणाले, "रिकामी नाही ती, माणूस दवाखान्यात गेलंय." ते म्हणाले, "टी.बी.चं माणूस परत घ्यायचं नाही, निकषात आहे." मी चारही कागद त्यांच्यापुढं टाकले. "दाखवा. कुठं आहे?" कुठंच नव्हतं. त्या म्हाताऱ्याची सोय मी ओसरीवर सतरंजी टाकून केली. बाराच्या जागी तेरा झाले तर साहेब रागावतील, असं अध्यक्ष म्हणाले. रागावू देत, म्हटलं.

साहेब आले. ओसरीवरचा तेरावा म्हातारा आणि आतली रिकामी खाट, दोन्ही पाहिलं. मी सगळं सांगितलं, पट्ट्यापासून. ते चष्मा पुसत राहिले. "मॅडम, हे मी अहवालात कसं लिहू?" मी म्हणाले, "मला नाही माहीत. पण वजनाचा नियम तुम्ही केलात, तर परत आणण्याचाही करा. न्यायचं म्हणता, आणायचं म्हणत नाही." आवाज चढला होता माझा. नोकरी जाते की काय असं वाटलं. त्यांनी एक ओळ लिहिली आणि निघून गेले. त्यांनी काय लिहिलं ते महिन्याभरानं कळलं: दवाखान्यात गेलेल्याची खाट तीन महिने राखून ठेवावी. जिल्ह्यातल्या सगळ्या आश्रमांना तो कागद गेला.

मधल्या काळात दर पंधरा दिवसांनी मी लातूरला जायचे. दर वेळी आजी पहिला प्रश्न खाटेचाच विचारायची. दोन महिन्यांनी डॉक्टरांनी चिठ्ठी दिली: आता हिच्यापासून कुणाला लागण नाही, गोळ्या मात्र चालू ठेवायच्या. बसमधून उतरल्यावर ती रस्त्यात कुणाशी बोलली नाही, तडक आत गेली. गोधडीवर हात फिरवला, बसली, आणि मग मोठ्यानं रडली. मीही रडले, काय लपवायचं!

आठ दिवसांनी वजनाचा दिवस. आजी सगळ्यांत आधी काट्यावर चढली. मापाडी म्हणाला, "लाभ. छत्तीस." आजी उतरली नाही. काट्यावरूनच बाकीच्यांकडं वळली. "बगा, म्या गेल्ते, वापस आले. खाट हाय. आता सोडा."

मला कळेना काय सोडा. मग एका आजोबांनी धोतराच्या घोळातून कुलूप काढलं, जुनं, मुठीएवढं. दुसऱ्या आजीनं ओच्यातून गोटे काढले. कुणी पितळी बत्ता, कुणी नांगराच्या फाळाचा तुकडा, कुणी अर्धी वीट फडक्यात बांधलेली. अकरांपैकी आठ जणांकडं काही ना काही निघालं. अंगणात ढीग झाला. मापाडी खाली मान घालून पेन्सिलीशी चाळा करत होता. त्याला सगळ्यांचंच ठाऊक होतं.

मी पुन्हा पहिल्यापासून सगळ्यांचं वजन घेतलं आणि हसावं की रडावं ते समजेना. एका महिन्यात आठ माणसांची वजनं घटली. त्यातल्या तिघांची दोन किलोच्या वर, म्हणून नियमाप्रमाणे त्यांना जिल्ह्याला नेणं भाग होतं. मी नावं वाचायच्या आत ते तिघं चपला घालून उभे. कुणी दावण धरली नाही. कुलूपवाले आजोबा सगळ्यांत शांत, वर्षभरात माझ्याशी चार वाक्यं बोलले असतील. रिक्षात बसताना म्हणाले, "शिष्टर, खाट?" मी म्हणाले, "ठेवते, आजोबा."

दोघं परत आले. कुलूपवाले आले नाहीत. पोटात गाठ होती. डॉक्टर म्हणाले, चार-सहा महिन्यांपूर्वी आणलं असतं तर काही करता आलं असतं.

त्यांची खाट मी तीन महिने ठेवली. माणूस गेल्याचं कळल्यावरही ठेवली, अध्यक्ष काही बोलले नाहीत. मग एक दिवस मी रजिस्टर उघडलं. त्यांच्या नावापुढं सात महिने एकच आकडा होता, माझ्याच अक्षरात, एकाखाली एक, सुबक. मी त्या सातही आकड्यांवर लाल रेघ मारली आणि प्रत्येकापुढं लिहिलं: वजन माहीत नाही. खाली सही केली. पुढच्या तपासणीत साहेब म्हणाले, "मॅडम, असं रकान्यात लिहायचं नसतं." मी म्हणाले, "मग काय लिहू, सांगा." त्यांनी पेन काढलं आणि माझ्या सहीखाली त्यांनीही सही केली.